काळी जाते, मुरूम येतो : परभणी जिल्ह्यातल्या मातीच्या ये-जाचा हिशोब

एप्रिल लागला की जिंतूरकडून परभणीत येणाऱ्या रस्त्याच्या कडेची झाडं तांबूस दिसायला लागतात. पानांवर बसलेली ती धूळ मुरमाची असते. हायवा, टिपर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासून धावत असतात आणि भरून येतात ती टेकडी. शहराच्या कडेला नव्या प्लॉटिंगवर त्या टेकड्या रिकाम्या होतात, रोलर फिरतो, पाणी मारलं जातं आणि जोती उभी राहतात. परतीच्या खेपेला काही गाड्या रिकाम्या जातात, काहींत पायातून निघालेली काळी माती असते. मुरूम कुठून आला हे सगळे विचारतात, कारण त्याला पैसे पडतात. काळी कुठे गेली हे सहसा कोणी विचारत नाही.

बांधकामाच्या भरावासाठी माती आणणं आणि नको असलेली माती हलवणं हा विषय वरवर ठेकेदाराचा वाटतो. परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र तो शेतीचा, पाण्याचा, डोंगराचा आणि कायद्याचाही विषय आहे. जिल्ह्याचे नऊ तालुके गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांत पसरले आहेत. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे. मधला सारा पट्टा काळ्या मातीचा. डोंगर कडेला आणि बांधकाम मधल्या काळीत, म्हणून मातीचा प्रवास इथे टळत नाही. तो कसा व्हावा आणि त्याचा हिशोब कोणी ठेवावा, हा या लेखाचा प्रश्न.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या माणसांनी हा प्रश्न फार सोपा करून ठेवला होता. गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वसायची. जुन्या कागदपत्रांतही गावाचा उल्लेख काळी-पांढरी असा जोडीने येतो. गावठाण बहुधा उंचवट्यावर, पांढुरक्या मातीवर. त्या पांढरीतलीच माती भिंतींना, सारवणाला आणि माळवदाला. माळवदावर थापलेली पांढरी पाणी खाली उतरू देत नसे. पिढ्यान् पिढ्या घरं पडत, त्याच मातीवर पुन्हा उभी राहत आणि पांढरीचं टेकाड उंच होत जाई. मराठवाड्यातल्या कित्येक गावांखाली अशी शेकडो वर्षांची वस्ती थरांनी दडलेली आहे.

या व्यवस्थेत माती गावाबाहेर जात नव्हती. घराची माती घरातच फिरे. पडक्या भिंतीची माती खत म्हणून शेतात गेली तरी ती त्याच शिवारात राही. वसायला पांढरी असल्यामुळे काळीवर घर बांधायची वेळच येत नसे.

ही घडी अनेक कारणांनी मोडली. गावं आणि शहरं वाढली, गावठाण पुरेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात मातीच्या घराचा धसका बसला, सिमेंट-विटांची घरं आली आणि ती पांढरी सोडून काळीत उतरली. परभणी शहराभोवतीच्या नव्या वसाहती पाहा. वीस-तीस वर्षांपूर्वी जिथे कापूस आणि ज्वारी उभी होती, तिथे आज गल्ल्यांना नंबर पडले आहेत. काळी कसायची होती. आपण तिच्यावर वसायला गेलो आणि मग तिच्या जागी डोंगर आणून टाकावा लागला.

काळी भार का सोसत नाही

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार घडलं. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती बनली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. हिचा कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि चळत फुगते, पाणी गेलं की ती आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच शेतात पाय रुततो, तो यामुळेच. शेतकऱ्याला हा गुण वरदान आहे. भेगांतून वरची माती खाली पडते, खालची वर येते, जमीन आपोआप उलटपालट होते. पावसाचा ओलावा ती धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही रब्बीची ज्वारी तिच्यावर पिकते.

घराला मात्र हाच गुण घातक. घराच्या मधोमध जमीन झाकलेली असल्याने तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडा वर-खाली होतात, मध्य जागच्या जागी राहतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ही भेग पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. लोक दर दिवाळीला ती लांबी भरून बुजवतात आणि पुढच्या मे महिन्यात ती परत येते.

माती किती फुगते हे तपासायची पद्धत साधी आहे. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती एका काचेच्या नळीत पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दिवसभर ठेवून दोन्हींची उंची मोजायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त जागा व्यापत असेल, तर ती भरावाला चालत नाही, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशीलवार मानकांत लिहिलेलं आहे. खोऱ्यातली भारी काळी या परीक्षेत सहसा नापास होते. रस्त्याच्या कामात माती चार दिवस भिजवून तिची ताकद मोजतात. तिथे काळीचा आकडा दोनच्या आसपास घुटमळतो, चांगला मुरूम सहज दहा ओलांडतो.

या मातीवर मोलाचं काम मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचा फुगवटा आवरला जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी भारतीय मानक ९४५१ मध्ये ही पद्धत आली. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा आपल्याच जिल्ह्यातून जातो. काळीत कालवा बांधणं म्हणजे काय, हे इथल्या पाटबंधारे खात्याला चांगलं ठाऊक आहे.

कट्टींच्या सूत्रातला 'चिकटून राहणारी' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच आपण विसरतो. काळी खोदून तिच्या जागी नुसता भरड, भुसभुशीत मुरूम ओतला, तर काळीच्या न झिरपणाऱ्या भांड्यात मुरमाचा स्पंज ठेवल्यासारखं होतं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि सावकाश चारी बाजूंच्या काळीला पाजत राहतं. पैसे खर्च होतात आणि तडे येतातच. भराव थरांनी दाबलेला हवा, त्याला थोडी चिकटाई हवी आणि घराभोवती पाणी लांब नेणारी फरशीची पट्टी हवी.

मुठीत कळणारा मुरूम

विहीर खोदणाऱ्याला जमिनीचे थर तोंडपाठ असतात. वर काळी, तिच्याखाली चुनखडी, मग मुरूम, मग मांजऱ्या, शेवटी काळा पाषाण. नदीकाठी मुरूम लागायला कित्येक परस खाली जावं लागतं. जिंतूर किंवा गंगाखेडच्या माळावर तो पायाखालीच असतो. बरड म्हणून ज्या जमिनीला शेतकरी नाक मुरडतो, तिलाच बांधकामात भाव येतो.

माझ्या घराचं जोतं भरताना एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला मुरूम ओळखायला शिकवलं. ट्रॉलीतून मूठभर घेतला, त्यावर चूळभर पाणी टाकलं, दाबला. गोळा झाला. मग अंगठ्याने कडेला ढकलला, गोळा खळकन फुटला, हाताला फारसं काही चिकटलं नाही. "हा चांगला," ते म्हणाले. पुढच्या ट्रॉलीतला गोळा फुटलाच नाही, दबून लांब झाला आणि तळहातावर काळपट डाग राहिला. "हिच्यात काळी मिसळलीय भाऊ. वरून मुरूम, खाली भेसळ." ती ट्रॉली परत पाठवली. त्याआधी रात्री उशिरा उतरलेल्या दोन ट्रॉल्या मात्र कोणी पाहिल्या नव्हत्या. तिसऱ्या पावसाळ्यात पुढच्या खोलीच्या एका कोपऱ्यातल्या चार फरशा उचलल्या गेल्या. पुरवठादार तोवर धंदा बदलून गेला होता.

आता एका घराचं गणित मांडतो. आपल्याकडे माती, मुरूम, वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तीस बाय चाळीसचा प्लॉट तीन फूट उचलायचा, तर ३,६०० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास दाबलेला भराव लागतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून चौथाई जास्त धरायची : ४५ ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ४५ खेपा. १ जुलै २०२१ पासून राज्यात मुरूम-दगडाचं स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये आहे. त्या दराने नुसती रॉयल्टी २७,००० रुपये होते. खोदाई, वाहतूक आणि दबाई वेगळी.

ही झाली येण्याची बाजू. आता जाण्याची. पाया मजबूत करायला त्याच प्लॉटवरची तीन फूट काळी काढली, तर ती सुद्धा ३६ ब्रास. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्यावर एक इंच माती पसरायला ३,६३० घनफूट लागते, म्हणजे ३६ ब्रासच. एका घराखालून निघालेली काळी एका एकरावर इंचभर थर देते. असा एक इंच नव्याने घडायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. हे गणित मी कागदावर केलं तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो.

रस्ते आणि रूळ

घरं तरी लहान गिऱ्हाईक. मातीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे रस्ते आणि रेल्वे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या काळात हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग गोदावरी खोऱ्यातून गेला. तेव्हाचा भराव माणसांनी टोपल्यांनी उचलून टाकलेला. रुळाच्या दोन्ही बाजूंना आजही पावसाळ्यात भरणारे लांबट खड्डे दिसतात. त्यातले बरेच त्या भरावासाठी माती घेतलेले. पुढे ब्रॉडगेज झालं. परभणी-मुदखेड दुहेरीकरण २०२० मध्ये पूर्ण झालं आणि छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. जालना ते नांदेड असा सुमारे १८० किलोमीटरचा समृद्धी महामार्गाचा जोडमार्ग आखलेला आहे, त्याची निम्म्याहून अधिक लांबी परभणी जिल्ह्यातून जाते.

काळीतला महामार्ग म्हणजे किती माती, याचा अंदाज घेऊ. वरची रुंदी ३० मीटर, उंची ३ मीटर आणि बाजूला नेहमीचा दोनास एक उतार धरला, तर एका किलोमीटरला एक लाख आठ हजार घनमीटर भराव होतो, म्हणजे ३८ हजार ब्रासच्या वर. सुटा मोजला तर ४७ हजार. सहा ब्रासचा हायवा धरला तर एका किलोमीटरसाठी आठ हजार खेपा. प्रत्यक्षात उंची जागोजागी कमी-जास्त असते, पण खेपांचा आकडा हजारांतच राहतो. एवढी माती जिथून निघते तिथली टेकडी जाते, किंवा गायरानात तळं होतं.

असे खड्डे कसे असावेत यावर इंडियन रोड्स काँग्रेसने १९६१ मध्येच शिफारशी केल्या होत्या : खोली मर्यादित हवी, मध्ये बांध ठेवावेत, रस्त्याच्या पायथ्यापासून अंतर राखावं. त्या शिफारशी हाताने खोदायच्या काळातल्या. आज पोकलेन एका रात्रीत जे खोदतं, त्याला कडा सरळ उभ्या राहतात. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, पोरं पोहायला उतरतात, जनावरं घसरतात. काम संपल्यावर कडा उतरत्या करणं आणि कुंपण घालणं हे कागदावर असतं. ते जागेवर झालं का, हे गावानेच पाहावं लागतं.

मातीच्या या व्यवहारात सर्वांत मागे राहतो तो पाणंद रस्ता. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या पाणंदीतून ट्रॅक्टर निघत नाही. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस लांबला तर माल शेतातच अडकतो, आजारी माणसाला खांद्यावर आणावं लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली ती यासाठीच. पाणंदीला लागणारा मुरूम महामार्गाच्या मानाने चिमूटभर असतो आणि शेतकऱ्याचं वर्ष त्याच्यावर अवलंबून असतं. ज्या तालुक्यातून महामार्गाला लाखो ब्रास जातो, त्या तालुक्यातल्या पाणंदी आधी मुरमाच्या व्हाव्यात, एवढी मागणी तरी गावाने हक्काने करायला हवी.

कायदा काय मोजतो

साधी माती पूर्वी खनिजात धरली जात नव्हती. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने केंद्राने बंधारे, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती गौण खनिज ठरवली. राज्याने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे नवे नियम केले. परवानगीशिवाय माती-मुरूम काढला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होतं.

पाया खोदताना निघालेल्या मातीवर रॉयल्टी लागते का, यावर मोठा वाद झाला. पुण्याच्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं की नुसतं खोदलं म्हणून ती माती गौण खनिज होत नाही. ती भरावाला किंवा सपाटीकरणाला वापरली का, हे पाहावं लागेल. पुढच्याच वर्षी राज्याने नियम दुरुस्त केला : प्लॉटच्या विकासात निघालेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर स्वामित्वधन नाही. या दुरुस्तीचं मोल मोठं आहे. माती जागच्या जागी जिरवणाऱ्याला कायद्याने दिलेली ही सवलत आहे.

पर्यावरणाच्या बाजूनेही दोन निकाल ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या गौण खनिज उत्खननालाही पर्यावरण परवानगी हवी असं म्हटलं. मार्च २०२० मध्ये केंद्राने रस्ते, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांसाठीच्या साध्या मातीला या परवानगीतून सूट दिली. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. किती माती, कुठून, कोणत्या पद्धतीने, याची काहीच मर्यादा न घालता दिलेली सूट मनमानी ठरते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

हे सगळे नियम वाचले की एक गोष्ट उठून दिसते. त्यांचा डोळा येणाऱ्या मातीवर आहे. मुरूम किती निघाला, पावती आहे का, गाडी कुठली, रॉयल्टी भरली का. जाणाऱ्या काळीबद्दल रस्त्यांच्या मानकांत एक चांगली तरतूद आहे : वरचा सुपीक थर वितीपेक्षा कमी, म्हणजे १५० मिलिमीटरपर्यंत, वेगळा काढावा, दोन मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगात जपावा आणि पुन्हा वापरावा. घरबांधणीला आणि प्लॉटिंगला असा धाक जाणवत नाही. तिथली काळी नाल्यात, सखल जागेत, रस्त्याकडेला पडते. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, सिमेंटचं पाणी मिसळलं की ती शेताच्या कामाची राहत नाही. नाल्यात पडली तर पावसाचं पाणी अडतं आणि तेच पाणी नव्या वसाहतीच्या जोत्यांना लागतं.

हलवलेल्या मातीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाने पाहिली आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी चीनमधल्या शेनझेनमध्ये बांधकामातून निघालेल्या मातीचा ढीग कोसळून सत्तरहून अधिक माणसं गेली. ३ जुलै २०२१ रोजी जपानमधल्या अतामी शहरावर डोंगरात टाकलेला भराव पावसात घसरून आला, पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर जपानने भरावावर देशभर लागू होणारा कडक कायदा केला. आपल्या सपाट जिल्ह्यात तसं संकट येणार नाही. आपलं नुकसान आवाज न करता होतं : कस जातो, नाला बुजतो, टेकडी संपते.

वाळवंटाशी तुलना

माती कमी हलवण्याचा धडा वाळवंटाकडूनही मिळतो. वाळवंटी देशांत बांधकामाआधी जमीन समतल करताना पहिला नियम असतो तो उंच भागाची माती काढून त्याच जागेच्या सखल भागात भरण्याचा. तिथे माती बाहेरून आणणं महाग, बाहेर टाकणं महाग आणि दाबायला लागणारं पाणी त्याहून महाग. वाळू भरपूर असली तरी सगळी कामाची नसते. वाऱ्याने गोल गुळगुळीत झालेले कण नीट बसत नाहीत. दुबईचं पाम बेट म्हणूनच समुद्रतळाची वाळू उपसून उभारलं.

आपला जिल्हा वाळवंट नाही, पण मे महिन्यात त्याची आठवण येते. आणि भरावाचा हंगाम नेमका तोच, कारण काळी वाळलेली असते आणि गाड्या शेतातून जाऊ शकतात. कोरडा मुरूम नीट दाबायला त्याच्या वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी मिसळावं लागतं. एका ब्रासला साधारण चारशे लिटर. वर मांडलेल्या एका किलोमीटरच्या भरावाला या हिशोबाने दीड कोटी लिटर पाणी. ज्या महिन्यात गावात टँकरची वाट पाहिली जाते, त्याच महिन्यात हे पाणी लागतं. ते कुठल्या विहिरीतून येतं, हेही मातीच्या हिशोबातच धरायला हवं.

वाटा कोणत्या

पहिली वाट म्हणजे माती कमी हलवणं. प्लॉटिंगचा आराखडा करतानाच उंच-सखल पाहून रस्ते आणि गटारं आखली, तर बराच भराव आतल्या आत भागतो. घराला संपूर्ण काळी काढण्याऐवजी खाली फुगवटा असलेले, अंडररीम्ड म्हणतात ते खांब घेता येतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते काळ्या मातीसाठीच विकसित केले. काळीत तीन ते पाच टक्के चुना मिसळला तर तिचा फुगवटा उतरतो आणि तीच माती रस्त्याच्या खालच्या थराला चालू शकते.

दुसरी वाट राखेची. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. वीज केंद्रापासून तीनशे किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत राख वापरण्याचे केंद्राचे नियम आहेत आणि रस्त्याच्या भरावात राख कशी वापरावी याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने केलेली आहे. आत राख आणि बाहेरून मातीचं जाड आवरण, असा भराव होतो. जेवढी राख, तेवढी टेकडी वाचते. उघड्या गाडीतून उडणारी राख मात्र मुरमाच्या धुळीपेक्षा वाईट. ती झाकून, ओली करून आणली तरच या वाटेला अर्थ आहे.

तिसरी वाट मला सर्वांत जवळची वाटते : तळं आणि रस्ता यांची सांगड. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम गावतळी, नाले खोल करून घेतला गेला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाण्याचा साठा. बुलढाणा पॅटर्न म्हणून तो राज्यभर ओळखला जातो. २०१७ मध्ये सुरू झालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना याचंच शेतीचं अंग. पुढे तिच्यात लहान शेतकऱ्याला गाळ टाकण्यासाठी एकरी १५ हजार रुपये, अडीच एकरांपर्यंत, अशी मदत ठरली. येलदरी, करपरा, मासोळी, निम्न दुधना यांच्या पाणलोटातून दर पावसाळ्यात काळी वाहून येते आणि बुडीत क्षेत्रात गाळ होऊन बसते. वरचा गाळ बरडावर, खालचा मुरूम रस्त्यावर, अशी वाटणी झाली तर एकाच खोदकामात तिघांचं भलं होतं.

आणि चौथी, शहराच्या काळीची वाट. पायातून निघालेला वरचा हातभर थर, विटा-सिमेंट मिसळण्याआधी, वेगळा ठेवायचा आणि जवळच्या हलक्या जमिनीवर पसरायचा. चुनखडीचा थर लागला की थांबायचं, तो शेतात गेला तर नुकसानच. चोपण जमिनीतली माती तर न तपासता कुठेच न्यायची नाही. आपल्याकडे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, माती तपासायची सोय शहरातच आहे. पाथरी रस्त्याच्या एका शेतकऱ्याला असं करताना मी पाहिलं. शहरातल्या दोन प्लॉटांची काळी त्याने आपल्या मुरमाड पट्टीवर पसरली, आधी नांगरून, मग शेणखत घालून. मी गेलो तेव्हा त्या पट्टीत कापूस उभा होता. शेजारच्या उघड्या मुरमापेक्षा तो हातभर उंच होता.

दोन्ही बाजूंची वही

या साऱ्या आढाव्यातून मला एकच मागणी करायची आहे. मातीची वही दोन्ही बाजूंनी लिहिली जावी. बांधकामाचा किंवा अकृषिक प्लॉटिंगचा परवाना देताना मुरूम कुठून येणार हे जसं विचारलं जातं, तसं काळी कुठे जाणार हेही विचारावं. अर्जात दोन ओळी वाढतील : किती ब्रास निघणार आणि कुठल्या गटात पडणार. ग्रामपंचायतीकडे हलकी जमीन असलेल्या, माती हवी असलेल्या शेतकऱ्यांची यादी असावी. काळी शेतात नेणाऱ्या गाडीला अडवू नये, नाल्यात ओतणाऱ्या गाडीला सोडू नये. खदानीचा परवाना संपताना कडा उतरत्या झाल्या का, हे ग्रामसभेत वाचून दाखवावं. यातलं काहीच अवघड नाही, याला नवा कायदाही लागत नाही. जी माणसं आज मुरमाच्या पावत्या तपासतात, तीच हेही पाहू शकतात.

घर बांधू नका, रस्ता करू नका, असं कोणी म्हणणार नाही. काळ्या पाणंदीत ज्याचं बाळंतपण अडलं आहे, त्या घराला मुरमाची किंमत विचारा. पण आपण या मातीला काळी आई म्हणतो. तिला पायातून काढून नाल्यात ओतताना निदान ती कुठे चालली आहे, एवढं तरी लिहून ठेवलं पाहिजे. परवा आमच्या गल्लीत नव्या घराचा पाया खोदला जात होता. मी मालकाला विचारलं, काळी कुठे टाकणार? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, हे आजवर कोणी विचारलंच नाही. मग आम्ही दोघांनी मिळून पाथरी रस्त्याच्या त्या शेतकऱ्याला फोन लावला.